दार आणि खिडकी

“मला तर ताई खुर्चीला बांधून शिकवायची,” धाकटा माइकवरून म्हणाला, आणि क्लासच्या नव्या हॉलमधले सगळे आईबाप खो खो हसले. पहिल्या रांगेत बसलेली ताईही हसली. चारचौघांत भावाची जीभ धरता येते थोडीच.

बांधून म्हणे! हा पोरगा एका जागी बूड टेकेल तर शपथ. म्हणून तर तिनं घरच्या पुढच्या खोलीत त्याच्यासाठी तो खेळ काढला होता. इंग्रजीतल्या ज्या क्रियापदांपुढे ‘टू’ येतो, ‘वाँट’, ‘होप’, ती ऐकली की दाराकडे पळायचं. ज्यांच्यापुढे ‘इंग’वालं रूप येतं, ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ती ऐकली की खिडकीकडे. नापास होणारा धाकटा असा पळत पळत पास झाला. पुढे गल्लीतली निम्मी पोरं त्याच खोलीत शिकली.

“मग एके दिवशी मलाच सुचलं,” धाकटा सांगत होता, “दार आणि खिडकी.”

टाळ्या पडल्या. मध्यंतरी हाच ताईच्या ओट्याशी उभा राहून म्हणाला होता, “घरची शिकवणी बंद कर, ताई. आपण क्लास काढू. शिकवणार तूच.” तिनं मुलं याच्याकडे धाडली, फळासुद्धा दिला. तो समोरच टांगला होता. त्यावर धाकट्याचा हसरा फोटो.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “तुम्हीपण शिकून घ्या की भावाकडून.”

धाकटा खाली उतरला तशी तिनं त्याची बाही धरली. “माझे तास कधीपासून?”

“अगं, डिग्रीवाले दोघं ठेवलेत. तू आता आराम कर.”

“आणि खेळ तुला सुचला?”

“लोकांना गोष्ट लागते गं. घरातलंच आहे ना, तुझं काय नि माझं काय.”

परक्यानं असं केलं असतं तर तिनं त्याला उभा-आडवा घेतला असता. याची तिनं नुसती बाही सोडली.

तो पुन्हा माइकशी गेला. “चला पोरांनो. होप!”

पोरं दाराकडे धावली. ताईही उठली आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

“बघा, ताईपण खेळतेय,” माइक म्हणाला. पुन्हा टाळ्या.

“सरका रे बाळांनो,” ती म्हणाली. पोरांनी वाट दिली. तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती बाहेर पडली.

“एन्जॉय!” आतून आवाज आला, आणि सगळी पावलं दार सोडून खिडकीकडे पळाली.