पांढऱ्या बटणाची डबी

काज-बटणं करण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईच्या घरात डब्यांना काय तोटा? बटणं संपली की डबी उरायची, आणि उरलेलं टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. मलमाची नळी घरात आली की ती कात्रीने उभी चिरायची, आतलं बोटाने निपटून डबीत भरायची आणि नळी कचऱ्यात. नळी चौथाई माल पोटात ठेवते, असं तिचं म्हणणं. मग झाकणावर एक बटण चिकटवायचं, ओळखीला. काळं गुडघ्यांचं, पिवळं भाजल्याचं, पांढरं तोंडाचं. अक्षरांशी तिचं कधी फारसं जमलं नाही; बटणांनी मात्र आजवर दगा दिला नव्हता.

पांढरी डबी लेकीच्या मुरुमांची. लेक घर सोडून गेली त्याला दोन वर्षं झाली होती, डबी मागे राहिली.

सुनेला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तिचं तोंड पुटकुळ्यांनी भरून गेलं. गालावर बोट टेकायला जागा उरली नाही. मुलगा जहाजावर, त्याचा फोन आला की सून कॅमेरा छताकडे धरून बोलायची. नवरा छताशी लग्न लावून गेलाय का, असं सासूने विचारून पाहिलं. सून हसली नाही. तेव्हा सासूने फळीवरून ती पांढरी डबी काढून दिली.

"लाव. घरचंच आहे."

सुनेने आठ दिवस मुकाट्याने लावलं. नाकाशेजारची कातडी सोलली. सासूबरोबर ती तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय लावतेस? सुनेने पिशवीतून डबी काढली. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, मिटलं, बटणाकडे पाहिलं.

"मावशी, ह्या औषधाचं नाव काय?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं, उलट उत्तर तरी देता आलं असतं. शांतपणे म्हणाल्या की गरोदर बाईला मुरुमांची काही औषधं चालतात, काही अजिबात चालत नाहीत. गोळ्यांतली एक जात तर बाळाला मोठी इजा करते. सून म्हणाली, गोळी एकही घेतली नाही. ते बरं केलंस, पण ह्यात काय आहे ते कळेपर्यंत हात लावू नकोस, असं सांगून त्यांनी डबी परत दिली.

घरी आल्यावर सून पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली.  सासू बाहेरच्या खोलीत मुलाच्या लग्नाच्या फोटोखाली बसली. फोटोत सगळे होते, लेक नव्हती. फोटो काढताना आईच म्हणाली होती, तू मागे हो, ते तोंड घेऊन पुढे कुठे येतेस? लेक मागे झाली ती फोटोच्या बाहेर गेली, आणि महिन्याभरात घराच्याही.

आकडे सासूला येत होते. लेकीचा नंबर तर पाठच होता.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाचं ते मलम... त्याचं नाव काय गं?"

"दोन वर्षांनी फोन केलास तो ह्यासाठी?"

खोटं बोलायला तिच्याजवळ दहा वाटा होत्या. एकही धरली नाही. "तुझ्या वहिनीला दिवस आहेत. मी तिला ते लावायला दिलं. नळी मीच फेकली होती, वाचून घेतली नाही. चुकले मी."

लेक म्हणाली, "वहिनीला दे फोन."

दाराआड दोघी बोलत राहिल्या. एकदा सून रडल्याचा आवाज आला, एकदा हसल्याचा. फोन परत हातात आला तेव्हा कधीच बंद झाला होता. लेकीने आईला पुन्हा मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाव ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे गरोदरपणी लावायचं नसतं, आता बंद ते बंदच. पण वरून लावलेलं अंगात फार थोडं जातं, त्यातून आठच दिवस. घाबरू नका, तपासण्या ठरल्या वेळी करू. त्यांनी चालेल असं दुसरं मलम लिहून दिलं, साधा साबण सांगितला, पुटकुळ्या फोडू नकोस म्हणून बजावलं.

नवी नळी फळीवर उभी राहिली, तिच्या खोक्यासकट. कात्री तिच्याशेजारीच होती, पण सासूने ती उचलून शिवणाच्या पेटीत टाकली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सुनेने तो पहिल्यांदाच सरळ तोंडासमोर धरला, सोललेल्या नाकासकट. आई कुठे आहे, मुलाने विचारलं. सुनेने मान वळवली. सासू भिंतीला टेकून उभी होती, फोनमध्ये दिसणार नाही इतकी मागे.

"आहे इथेच," सासू म्हणाली, आणि पुढे झाली नाही.