पहिल्या खंडापासून

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला घरात सगळे बारक्या म्हणायचे. आता पोट सुटलं होतं, कानांजवळचे केस पिकले होते, तरी नाव बारक्याच. ते ठेवलं होतं त्याच्या मोठ्या बहिणीने, ताईने. आणि ताईच्याच कौतुकासाठी ठेवलेल्या जेवणात त्याने तिचा विरस केला.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. खूप वर्षं ते काम केल्यावर तिला विभागाची प्रमुख केलं, म्हणून बारक्याच्या बायकोने तिला जेवायला बोलावलं. ताईच्या हाताखाली काम करणाऱ्या तिघी मुलीही आल्या होत्या. जेवता जेवता विषय निघाला 'ओहोटीचं राज्य' या मालिकेचा. तेव्हा जो तो तीच बघत होता. फक्त ओहोटीच्या वेळी समुद्रातून वर येणारं एक शहर, भरती आली की घंटा वाजवून सगळ्यांना जागं करणारी घंटावाली, तिची धाकटी बहीण आणि त्या दोघींच्या मागे लागलेले लोक, अशी ती गोष्ट. शेवटचा भाग नुकताच दाखवून झाला होता.

ताईने मालिका बघितली नव्हती. ज्या पुस्तकांवरून ती केली होती, त्यांचे पाचही खंड मात्र तिने वाचले होते. सहावा आणि शेवटचा खंड लेखिकेने अजून लिहून संपवला नव्हता आणि ताई कित्येक वर्षं त्याची वाट बघत होती. मालिकावाल्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी आपल्या मनाने शेवट करून टाकला होता. म्हणून ताईने हसत हसतच मुलींना सांगितलं की बाकी काय ते बोला, शेवट तेवढा माझ्यासमोर नको. मुलींनी लगेच ऐकलं. बारक्याने नाही ऐकलं. चार लोक जमले की त्याला चेव यायचा, आणि जिभेला तर हाड नव्हतंच.

"त्यात वाट कसली बघायची ताई?" तो म्हणाला. "तुझी घंटावाली बुडते. आणि घंटेचा दोर तिच्या बहिणीनेच कापलेला असतो. झालं. वाचले ना तुझे पैसे?"

एक मुलगी फिस्सकन हसली. मग बाकीच्या दोघीही हसल्या. ताईने हातातला ग्लास खाली ठेवला, तीही थोडं हसली आणि समोरचा वाडगा शेजारच्या मुलीकडे सरकवत तिला अजून घ्यायला सांगितलं. जेवणानंतर तिने बारक्याच्या बायकोबरोबर भांडी आवरली, मुलींना सोडायला खालपर्यंत गेली आणि तशीच आपल्या घरी गेली. तिची ओढणी खुर्चीवरच राहिली.

बायकोने त्याला तेव्हाच सुनावलं. तो म्हणाला, टीव्हीवरची गोष्ट ती, त्यात एवढं काय. ती म्हणाली, "तू तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलंस आणि वर ढेकर दिलास." बारक्याला ते लागलं.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. फोन केला की उचलायची, तब्येत विचारायची, कामं आहेत म्हणायची आणि ठेवायची. पूर्वी तिचा फोन आला की बारक्याचा चहा गार व्हायचा, एवढी ती बोलायची. एका रविवारी तो ओढणी परत द्यायच्या निमित्ताने तिच्या घरी गेला. ताई एकटी राहायची. दोन खोल्या, खिडकीत कपडे वाळत घातलेले, आणि पलंगाच्या उशाशी एक छोटं कपाट. त्या कपाटात पाच जाडजूड खंड ओळीने उभे असायचे. त्या दिवशी तिथे इस्त्रीचे कपडे होते. खंड दाराजवळ एका खोक्यात पडले होते.

ते कुठे चालले, असं त्याने विचारलं. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांना बसून बसून कंटाळा येतो, तिथे ठेवते, असं ताई म्हणाली. उगाच जागा अडते. मी नेतो, मी वाचतो, असं तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला कळेना की आपण हे काय बोललो. शाळा सुटल्यापासून त्याने लिफ्टच्या माहितीपुस्तिकांशिवाय काही वाचलं नव्हतं.

"तू?" ताई म्हणाली. "मग पाचवाच घे. आधीचं सगळं बघितलंच आहेस ना." त्यात टोमणा होता की नव्हता, हे त्याला कळलं नाही. तो खोकं खांद्यावर टाकून जिने उतरला.

कामावरच्या जोडीदाराचंही तेच मत पडलं. दोघं मिळून इमारतींच्या लिफ्टची देखभाल करायचे. एक वर मशीन रूममध्ये, दुसरा खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीत, असं काम चालायचं, आणि मधे मधे बसून राहावं लागायचं. जोडीदाराने मालिका दोनदा बघितली होती. त्याचं म्हणणं, पहिले दोन खंड म्हणजे शब्द न् शब्द मालिका. घाट कुठे आहे, कोण कुणाचा मुलगा, सगळं माहीत असताना पुन्हा पहिल्यापासून वाचणं म्हणजे चालू लिफ्ट सोडून जिना चढणं. बारक्याला ते पटलं. त्याने पाचवा खंड काढला.

दहा पानांत तो अडकला. घंटावाली कुठल्या तरी मुक्या लोहाराकडे निरोप पाठवत होती. मालिकेत मुका लोहार नव्हताच. बारक्याने चौथा खंड चाळला, तिसरा चाळला. लोहार सगळीकडे होता. अख्खा माणूस मालिकेतून गाळला होता आणि त्याच्याबरोबर काय काय गाळलं होतं कोण जाणे. बारक्याला स्वतःची लाज वाटली. ज्या गोष्टीचा शेवट त्याने एवढ्या ऐटीत सांगितला, ती त्याला अर्धीसुद्धा माहीत नव्हती. त्याने पाचवा खंड मिटला आणि पहिला उघडला.

सुरुवातीला तो औषध घेतल्यासारखा वाचायचा. रोज थोडं, नाक दाबून. दुपारी लिफ्टची मोटार गरम झाली की ती थंड होईपर्यंत, तेलकट फडक्याने हात पुसून, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून. घंटावालीच्या जागी मालिकेतल्या नटीचा चेहरा यायचा. तो हटता हटत नव्हता. पण घंटावाली म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीत चढली आणि बारक्याला एक वेगळाच आवाज ऐकू यायला लागला. ताईचा.

कारण हा पहिला खंड त्याने अर्धा ऐकलेला होता. लहानपणी त्याला कावीळ झाली होती. आई-वडील कामावर जायचे, आणि त्याच्यापेक्षा बरीच मोठी असलेली ताई कॉलेज बुडवून त्याच्याजवळ बसायची. तेव्हा हा खंड नवा होता. ती रोज त्याला वाचून दाखवायची. मग तो बरा झाला, उड्या मारत खेळायला पळाला आणि पुस्तक अर्धवट राहिलं. नंतर एकदा ताईने विचारलं होतं, पुढचं वाचू या का. तो म्हणाला होता, उद्या.

या सगळ्यातलं त्याच्या लक्षात राहिलं होतं ते नावाड्याचं कुत्रं. एका डोळ्याने आंधळं, लाटांवर भुंकणारं. मालिकेत ते दाखवलंच नव्हतं, तेव्हा तो चिडून बायकोला म्हणाला होता की मालिकावाल्यांनी कुत्र्याचे पैसे वाचवले. आता पुस्तकात कुत्रं भेटल्यावर त्याला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. आणि पुढच्याच प्रकरणात पहिली मोठी भरती आली आणि कुत्रं बुडालं. नावाड्याने त्याला गळ्यातल्या दोरीसकट पाण्यात सोडून दिलं, असं दोन ओळींत लिहिलं होतं.

बारक्याने ते पान पुन्हा वाचलं. त्याला पक्कं आठवत होतं की कुत्रं जगलं होतं. किनारा दिसल्यावर ते भुंकलं होतं. वादळाच्या रात्री ते घंटावालीच्या पायाशी झोपलं होतं. त्याने पुढची पानं उलटली. किनारा होता, वादळ होतं, घंटावाली पायावर घोंगडी ओढून बसली होती. कुत्रं कुठेच नव्हतं.

हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. ताईने ते बुडवलंच नव्हतं. पान वाचता वाचता तिने कुत्र्याला वाचवलं, आणि एकदा वाचवल्यावर पुढे प्रत्येक पानात, वाक्यावाक्यात शोधून त्याच्यासाठी जागा केली. भुंकायला लावलं, झोपवलं, खायला घातलं. आजारी भावाच्या उशाशी बसून, न अडखळता.

खालून जोडीदार हाका मारत होता. बारक्या डब्यावरच बसून राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर त्याला वाचायचा कंटाळा आला नाही. दुसऱ्या खंडात मुका लोहार आला, आणि त्या लोहाराने कुणालाही न सांगता दुसरी घंटा ओतून डोंगरात दडवून ठेवली. म्हणजे बहिणीने पहिल्या घंटेचा दोर कापला, तरी घंटावालीला बुडायचं कारण नव्हतं. मालिकेतला शेवट पुस्तकात होऊच शकत नव्हता. बारक्याला वाटलं, सुटलो. तो काम संपवून तसाच, कपड्यांना ग्रीसचे डाग घेऊन ताईकडे गेला.

ताई नुकतीच आली होती. पाय बादलीतल्या कोमट पाण्यात सोडून बसली होती. बारक्याने उभ्या उभ्याच लोहार सांगितला, दुसरी घंटा सांगितली, शेवट कसा खोटा आहे ते सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या रात्री जेवून मी हात धुवायला गेले ना, तेव्हाच लोहार आठवला मला."

"मग ती पुस्तकं का टाकत होतीस?"

ताईने पाय बाहेर काढले, टॉवेलने एकेक बोट पुसलं. मग सावकाश बोलली.

"शेवटाचं नाही रे. मी नको म्हटलं होतं आणि तू माझ्या तोंडाकडे बघत बघत सांगितलंस. बघून. माझ्या पोरींसमोर. दुसऱ्या दिवशी मी डिपार्टमेंटमध्ये शिरले तर एक म्हणाली, मॅडम बुडाल्या. सगळ्या हसल्या. तिथे माझा पहिला दिवस होता प्रमुख म्हणून. मग घरी आले, आणि ती पुस्तकं बघितली की मला तुझा चेहरा दिसायला लागला."

चुकलो, एवढंच तो म्हणाला, आणि ते त्याला फारच तोकडं वाटलं. मग खाली बघत त्याने कुत्र्याचं विचारलं.

ताईला आधी कळलंच नाही. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "ते लक्षात आहे तुझ्या?"

"मला वाटायचं ते शेवटपर्यंत आहे."

"तू पिवळाधमक पडला होतास," ती म्हणाली. "डोळेसुद्धा पिवळे. डॉक्टर आईला बाहेर नेऊन काहीतरी बोलले होते. म्हटलं, आज कुणी मरायला नको. नंतर मात्र माझी पंचाईत झाली, ते कुत्रं घेऊन किती फिरायचं." ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. बारक्यालाही रडू आलं. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

माफ केलं, असं ताई म्हणाली नाही. तो निघाला तेव्हा फक्त म्हणाली, तिसरा खंड मधे फार रटाळ आहे, पण गाळू नकोस.

पुढच्या आठवड्यात बारक्या स्वतःहून हॉस्पिटलात गेला. ताई आत कुणाच्या तरी मणक्याचा फोटो काढत होती. बाहेरच्या खोलीत त्या तिघी होत्या. बारक्या त्यांना म्हणाला की त्या दिवशी मी जे सांगितलं ते साफ चूक होतं, मी पुस्तकं वाचलेली नव्हती, नुसती फुशारकी मारली, आणि ताईंनी नको म्हटलेलं असताना मारली. मुली चपापल्या. मग त्यातली एक म्हणाली, "दादा, म्हणजे तुम्ही सगळ्यांसमोर आपटलात की." तिघी हसल्या. बारक्याचे कान तापले. जिभेवर एक फटकळ उत्तर आलं होतं, पण त्याने त्यांना हसू दिलं आणि आपली तेलकट पिशवी उचलून निघाला.

हे ताईच्या कानावर गेलं असणारच. मग तिचा फोन यायला लागला. कुठपर्यंत आलास, विचारायची. तो म्हणायचा, तिसऱ्यातली माणसं अजून बर्फातच चाललीत. ती म्हणायची, चालू दे. कधी कधी त्याला मधेच विचारावंसं वाटायचं की अमका जगतो का, आणि प्रश्न ओठांवर आला की त्याला ते जेवणाचं टेबल आठवायचं, ताईने खाली ठेवलेला ग्लास आठवायचा. तो विषय बदलायचा. टोचणी गेली नव्हती. मात्र ती टोचणी घेऊनही आता त्याला नीट जेवता येत होतं.

सहावा खंड अजून आलेला नाही. लेखिका आजारी आहे म्हणतात, कुणी म्हणतात तिने आधीचं लिहिलेलं फाडून टाकलं. बारक्याने पाचवा खंड संपवला आणि पाचही पुस्तकं फडक्याने पुसून ताईकडे नेऊन दिली. एक-दोन पानांवर ग्रीसचे डाग पडले होते, त्याबद्दल तो ओशाळून बोलायला लागला, तर ताईने त्याच्या हातून खंड घेतले आणि उशाशीच्या कपाटातले इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर टाकले.