पडद्यावरची लाल पट्टी

"हात उचल, माय! दोन पावलं मागं हो अन् माळ धर!"

शालिकराम महाराजांचा तो आवाज मनकर्णाबाईंच्या कानातून जाईना. काल भेटीच्या वेळी रामदासपेठेतल्या दवाखान्यात काचेबाहेर महाराज आणि ही गर्दी! आत मनकर्णाबाई, आणि पाळण्यात त्यांचा पाच दिवसांचा नातू, डोक्याला तारा चिकटवलेला. कॉम्प्युटर मेंदूच्या रेघा वाचायचा आणि झटका दिसला की लाल पट्टी उमटवायचा. दुपारपासून पट्टीवर पट्टी. मनकर्णाबाईंनी हात उचलला, माळ धरली आणि पट्ट्या थांबल्या!

"पाहून राहिले ना गा? मशीनबी आपल्याले घाबरते!" महाराज गरजले. "बाहेरची बाधा होती. आता सुई नको, नारळ आणा!"

मनकर्णाबाईंनी मुलाला, सुशीलला, शपथ घालून इंजेक्शन नाकारायला लावलं.

आज सकाळी डॉक्टर नूपुरनी मायलेकांना पडद्यासमोर बसवलं. रेघांसोबत कॅमेऱ्याचं चित्रही होतं.

"आजी, हा हात कोणाचा?"

"माहाच. थोपटून राहिली... रामनामाच्या ठेक्यावर. उगी राहते लेकरू."

"त्या ठेक्यानं तारा हलतात. कॉम्प्युटर एकसारखी हलणारी रेघ शोधतो. ती मेंदूतून आली की हातातून, हे त्याले नाही कळत. ते आम्ही पाहायचं, आणि काल आम्हीही उशिरा पाहिलं. महाराज मात्र तासभर तुमचा हातच न्याहाळत होते."

"म्हणजे झटके नव्हतेच?" मनकर्णाबाईंचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी पहाटेचं चित्र लावलं. पाळण्याजवळ कोणी नाही. बाळ नुसतं ओठ चघळत होतं, आणि लाल पट्टी सरकत होती.

"हा झटका खरा. तेव्हाही मी सुईचं विचारलं. तुम्ही नाही म्हटलं."

सुशीलनं इंजेक्शनच्या संमतीपत्रावर सही केली. सुई टोचली तेव्हा मनकर्णाबाईंना मान वर करवेना. एकादशी न चुकवणारी मी, आणि देवाच्या नावानं नातवाचंच औषध अडवलं!

"नाम घ्या, आजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "फक्त हात स्थिर ठेवा. आणि कोणी चमत्कार दाखवला, की आधी विचारा, त्याच वेळेस दुसरं काय बदललं?"

तेवढ्यात बाळंतीण सून वंदना दाराशी आली. "आई, बाजूच्या पाळण्यावाली, मौद्याची गोपिका, लेकराची दवाखान्यातून सुट्टी घेऊन खाली महाराजापाशी चालली. काल तुम्हीच सांगितलं होतं तिले."

मनकर्णाबाई उठल्या. "मीच थांबवतो तिले. समद्याइसमोर सांगतो, हात माहा होता म्हणून. तुले वचन देतो, वं."

खाली नारळ फुटत होते. मनकर्णाबाईंनी पदर सावरला, आणि लिफ्टसाठी न थांबता जिना उतरू लागल्या.