उसना श्वास

रुग्णालयात तिला सगळे सिस्टर म्हणत, विद्यापीठात मॅडम, आणि अंगावर वर्दी चढली की मेजर. घरी नवरा नुसतं 'अगं' म्हणायचा. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून मला एकच आहे हो, पण कधी घरात सापडेल तर शपथ!"

सकाळी ती अतिदक्षता विभागात असायची. तिथे दिवस उजाडला हे खिडकीतून कळत नसे; सफाईवाल्या मावशींच्या ओल्या फरशीच्या वासावरून कळायचं. दुपारी कालव्याच्या कडेने चालत ती विद्यापीठात जायची आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांना शिकवायची. वर्गाच्या उंच खिडक्यांतून ऊन आत यायचं, बाकांवर सांडायचं, आणि जेवून आलेली पोरं त्यात पेंगायची. ती त्यांना उठवत नसे. आवाज थोडा खाली आणून बोलत राहायची. झोपेत ऐकलेलंही कुठेतरी जाऊन बसतं, असं तिला उगाचच वाटायचं. शिवाय सैन्याच्या वैद्यकीय दलात ती राखीव अधिकारी होती. बोलावणं आलं की कपाटातली वर्दी बाहेर निघायची आणि आपल्या चष्म्याच्या दुकानातून घरी आलेला नवरा काही न विचारता बुटांना पॉलिश करायला बसायचा.

त्या वर्षी विद्यापीठात प्राध्यापकाची जागा निघाली. विभागप्रमुख बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"जागा तुमचीच आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "पण मग पूर्ण वेळ इथे. रुग्णालय नाही, सैन्य नाही. किती दिवस अशी ओढाताण करणार?"

"ओढाताण नाही होत, बाई."

"तुमची नसेल होत. वेळापत्रक लावताना माझी होते."

ती हसली आणि विचार करून सांगते म्हणाली. खरं तर तिला ती जागा हवी होती. स्वतःची खोली, दारावर पाटी, पुस्तकांना कपाट. कालव्याकडेने परतताना तिने मनातल्या मनात त्या खोलीत एक खुर्चीसुद्धा मांडून पाहिली. घरी पोचली तर नवरा फोन हातात घेऊन दारात उभा. बोलावणं आलं होतं.

वर डोंगरात सैन्याची एक तुकडी रस्ता बांधत होती. त्या तुकडीसाठी तंबूंचं एक छोटं रुग्णालय होतं, तिथे तिची नेमणूक झाली. एक तरुण डॉक्टर, दोन मदतनीस आणि ती. पहिला आठवडा खरचटलेले गुडघे आणि खोकले बघण्यात गेला. मग धुकं उतरलं.

असं धुकं तिने कधी पाहिलं नव्हतं. ते दोऱ्यांवरून ओघळायचं, तंबूच्या कापडातून आत झिरपायचं, चहाच्या कपात डोकावायचं. हात लांब केला तर बोटं विरघळल्यासारखी व्हायची. माणसं दिसायच्या आधी त्यांचे आवाज यायचे, आणि कधी कधी आवाज येऊन जायचा पण माणूस यायचाच नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच दुधी रंगाचं. आपण चालतोय की कुणी आपल्याला स्वप्नात चालताना बघतंय, असा प्रश्न तिला पडायचा.

त्याच धुक्यात एक ट्रक रस्त्यावरून घसरला. मागे बसलेल्यांची हाडं मोडली. ड्रायव्हरच्या डोक्याला मार लागला होता. पंचविशीचा मुलगा, ओठावर नुकती राखायला घेतलेली मिशी. तो शुद्धीवर नव्हता आणि श्वास अडखळत होता. डॉक्टरने त्याच्या घशातून नळी घातली, तिने ती व्हेंटिलेटरला जोडली. त्याला खाली शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं होतं, पण हेलिकॉप्टरचा वैमानिक रेडिओवरून म्हणाला, "मला माझे पंखे दिसत नाहीत, मॅडम. डोंगर कुठून दिसणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओलाव्याने यंत्र बंद पडलं. आधी घोगरं झालं, मग गप्प. दुसरं यंत्र तिथे नव्हतंच. तिने नळी सोडवली, हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली आणि दाबू लागली. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर.

"किती वेळ जमेल असं?" डॉक्टरने विचारलं. त्याच्यासमोर मोडलेल्या मांडीचा एक जवान होता, आणि दोन्ही मदतनीस तिथेच अडकले होते.

"धुकं जाईपर्यंत," ती म्हणाली. "मला माणसं द्या. कुणीही चालतील."

कुणीही म्हणजे खरोखरच कुणीही आले. कोठारातला कारकून आला, यंत्र उघडून हताश झालेला मेकॅनिक आला, आणि तंबूच्या दारात वाकून शिरावं लागलं असा आडदांड आचारी आला. त्याला सगळे पहाड म्हणत. त्याच्या हाताला कांद्याचा वास येत होता.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "कोपरापर्यंत."

मग तिने शिकवायला सुरुवात केली. वर्गात बोलायची तशीच, आवाज जरा खाली आणून. दाबताना पिशवीकडे बघायचं नाही, छातीकडे बघायचं. छाती उचलली की पुरे. सोडायचं, आणि ती पूर्ण खाली जाईपर्यंत थांबायचं. कारकुनाला लगेच जमलं. मेकॅनिकचा हात सुरेख होता. पहाडने पहिल्यांदा दाबली तशी ती त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "अरे, पीठ मळतोयस का? बाजारात टोमॅटो पिकलाय का बघतोस ना? तसं."

पहाडने मान हलवली. टोमॅटो त्याला बरोबर समजला. पण थोड्या वेळाने तो डोलायला लागला. चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, मला गरगरतंय."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. ड्रायव्हरला श्वास देताना हा स्वतःचा धरून बसत होता.

"तू पण घे की रे!" ती म्हणाली. "तू मेलास तर त्याला कोण देणार? निवांत बस. तू घे, मग त्याला दे. तू घे, त्याला दे. पंगतीला बसल्यासारखे दोघं बरोबर."

"पंगतीचा खर्च माझ्या खात्यात," कारकून कोपऱ्यातून पुटपुटला, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

असे ते पाळीपाळीने बसले. एकाचे हात दुखले की दुसरा पिशवीखाली आपला हात सरकवायचा आणि पहिला आपला काढून घ्यायचा. मधे फट पडू द्यायची नाही. ती नळीतला कफ ओढून काढायची, ड्रायव्हरच्या पापण्या उचलून बघायची, त्याला कुशीवर वळवायची, ओठ पुसायची. आणि त्याच्याशी बोलायची. "आता तुला डाव्या कुशीवर घेतेय हं. हात गार लागतील." पहाड हे ऐकत होता. हळूहळू तोही बोलू लागला. आपलं गाव, आपली बहीण, सूप करताना मीठ कधी घालावं, सगळं त्या बंद डोळ्यांना सांगत बसला. तंबूबाहेर काहीच उरलं नव्हतं. ना रस्ता, ना डोंगर. नुसता एक पांढरा कापूस, आणि त्याच्या मधोमध ही एक छाती वर येत होती, खाली जात होती.

रात्री तिचा डोळा कधी लागला हे तिला कळलं नाही. ती वर्गात उभी होती. उंच खिडक्यांतून ऊन नाही, धुकं आत येत होतं आणि बाकांवर बसत होतं. विद्यार्थी झोपले होते, सगळ्यांच्या पाठी एकाच लयीत उचलत होत्या. शेवटच्या बाकावर विभागप्रमुख बाई डोकं टेकून झोपल्या होत्या. त्या झोपेतच म्हणाल्या, "थांबू नका हं." ती थांबली नाही. फळ्यापाशी उभी राहून तिने सगळ्या वर्गाला श्वास दिला, एकेक बाक करत.

"मॅडम. सोडा आता. माझा हात आलाय."

पहाडचा आवाज. ती दचकून जागी झाली. पिशवी तिच्याच हातात होती.

"मी झोपले होते?"

"होय."

"आणि तू बघत बसलास? उठवायचं नाही मला?"

"उठवणारच होतो," पहाड शांतपणे म्हणाला. "हात खालीच धरून ठेवला होता. पण तुमचा एकही श्वास चुकला नाही. म्हटलं, झोपेत सुद्धा जमतंय तर झोपू द्या घटकाभर."

ती बाहेर गेली आणि थंड पाण्याने तोंड धुतलं. त्यानंतर ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुक्यात एक पिवळट डाग दिसला. तो पसरत गेला, आणि समोर अचानक डोंगर उभा राहिला. ओला, हिरवा, जणू इतका वेळ तिथे नव्हताच. हेलिकॉप्टर आलं. त्यातल्या डॉक्टरने ड्रायव्हरला नव्या यंत्रावर घेतलं. सगळे खाली उभे राहून वर बघत राहिले. आवाज पार विरला तरी पहाडची बोटं मिटत होती, उघडत होती. तिने त्याचा हात धरला तेव्हा कुठे बोटं थांबली.

ड्रायव्हर वाचला. हे तिला घरी परतल्यावर कळलं. डावा हात जरा अधू राहिला होता, ट्रक चालवणं संपलं होतं, पण तो वाचला. एका रविवारी त्याचा फोन आला. बराच वेळ तो आभार मानत अडखळत राहिला. मग म्हणाला, "ताई, मला त्यातलं काहीच आठवत नाही. एक स्वप्न तेवढं आठवतंय. मी होडीत आडवा पडलो होतो आणि कुणीतरी वल्हवत होतं. मधूनमधून वल्हवणारा बदलायचा. त्यातला एक जण फार बडबड्या होता."

ती इतकी हसली की नवरा दुसऱ्या खोलीतून बघायला आला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र लवकर थांबेना. हे स्वप्न त्याला तेव्हा पडलं की लोकांकडून ऐकून नंतर जुळलं, हे कुणी सांगावं? विद्यार्थ्याने विचारलं असतं तर तिने हेच उत्तर दिलं असतं. पण त्या रविवारी तिला कुणी विचारत नव्हतं.

विभागप्रमुख बाईंना तिने नाही म्हणून सांगितलं.

"कारण?"

"वर्गात शिकवते ते तिथे करते, बाई. आणि तिथे कळतं ते वर्गात सांगते. एक सोडलं तर बाकीचं नुसतं पाठ म्हटल्यासारखं होईल."

"हे मी समितीपुढे कसं मांडू?"

"नका मांडू. जागा दुसऱ्यांना द्या."

जागा दुसऱ्यांना मिळाली. दारावर पाटी लागली तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते मनाला जास्त लागलं. काही दिवस ती त्या बाजूच्या जिन्याने जात नसे. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी तिच्या चष्म्याच्या काचा पुसता पुसता तो म्हणाला, "वाईट वाटू दे की. आपणच निवडलं म्हणून काय वाईट वाटायचं नाही?" तिला ते पटलं.

पुढच्या वर्षी नवा वर्ग भरला, आणि दारातून वाकून एक माणूस आत आला. सैन्यातून निवृत्ती घेऊन, प्रवेश परीक्षा दुसऱ्या खेपेला पास होऊन. पोरं आधी उठून उभी राहिली, त्यांना वाटलं नवे सर आले. पहाड लाजून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. बाक करकरला.

त्याला अभ्यास जड गेला. औषधांची नावं तो मसाल्यांसारखी घोकायचा. पहिलं इंजेक्शन देताना रोग्याआधी त्यालाच घाम फुटला. पण रोग्याला कुशीवर वळवायची वेळ आली की वॉर्डातल्या सिस्टर हळूच त्यालाच हाक मारायच्या.

त्या हिवाळ्यात तिच्या अतिदक्षता विभागात एक म्हातारे शिक्षक दाखल होते. त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की आता यंत्र नको, नळी नको. मुलगी परदेशातून निघाली होती, ती पोचायची होती. दुपारी त्यांचा श्वास लांब लांब अंतराने पडायला लागला. तिने पहाडला बोलावून खुर्ची दिली.

पहाड त्यांच्या छातीकडे बघत बसला. छाती उचलली, खाली गेली. मग बराच वेळ काही नाही. त्याचे हात आपोआप उचलले गेले. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, काय करू?"

"बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. "त्यांचा हात धर. बाकी काही नाही."

"नुसतं बसायचं?"

"हो. हे पण शिकायचं असतं. मलाही उशिराच जमलं."

पहाडने तो सुरकुतलेला हात आपल्या तळव्यात घेतला. काय बोलावं ते त्याला आधी सुचेना. मग तो हळू आवाजात सांगू लागला, मुलगी विमानात बसली आहे, बाहेर ऊन पडलंय, खिडकीखाली कुणीतरी सायकल उभी करतंय. ती पलीकडच्या बाजूला बसली. म्हाताऱ्यांनी आणखी एक श्वास घेतला, सावकाश, आणि सोडला. पुढचा आला नाही.

दोघं तसेच बसून राहिले. खाली सायकलची घंटा वाजली आणि कुणीतरी कुणाला तरी हाक मारून पुढे गेलं.