गाभ्याची तार

“तार कुठं खुपसली बे?” भट्टीच्या दारातून प्रेमानंदने विचारलं.

“लाकडात,” त्याचा मुलगा अश्विन म्हणाला. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी लाकडी खोकी बनत. किड्यांनी फुकटात परदेशवारी करू नये म्हणून लाकूड आधी भट्टीत तापवायचं, मगच त्यावर तापल्या लोखंडाने ‘तापवलेलं’ अशी छाप मारायची. गरमी लाकडाला वरून लगेच बिलगते. गाभ्याकडे मात्र सरकारी अर्जाच्या चालीने जाते. वाटेत ओलावा बसलेला असतो, तो आधी आपला वाटा घेतो. म्हणून गरमी मोजायची तार सगळ्यात जाड दांड्याला भोक पाडून पार गाभ्यात घालायची. प्रेमानंदने हे मुलाला हात धरून शिकवलं होतं.

अश्विनने ती गरम हवेच्या पंख्यासमोरच्या पातळ, वाळक्या फळीत घातली होती. शिकवणी वाया गेली नव्हती. जाड लाकूड कुठवर थंड राहतं हे कळल्याशिवाय अशी फळी निवडता येत नाही.

“दांडे आतून थंडे आहेत गा. किडे जित्ते जातीन.”

“शेठनं सांगतलं, बाबा. गाडी उभी आहे. तुम्ही तर उद्यापासून घरीच. मले इथंच राहाचं आहे.”

तेवढ्यात मधुसूदनशेठ हसतच आले. “प्रेमानंदभाऊ, मशीन पास म्हणून राहिली, तुम्ही काहून फेल करून राहिले? आज शेवटचा दिवस तुमचा. संध्याकाळी शाल आणली आहे.”

“उद्या सकाळपर्यंत तापू द्या, शेठ.”

“लाकूड ठेवतो ना. मंग पोराले घरी ठेवा.” शेठ अजून हसतच होते. “अश्विन, मार छाप. तू पक्का झाला समज.”

अश्विनने शेगडीतला लाल झालेला लोखंडी ठसा उचलला.

आजवर कच्च्या लाकडावर छाप न मारलेल्या प्रेमानंदने हात पुढे केला. “आण इकडं.”

“बाबा, तुम्ही काहून?”

“तुह्या हातची पहिली छाप हे नको.”

“वा,” शेठ म्हणाले, “याले म्हणतात अनुभव,” आणि गाडीवाल्याला सांगायला गेले.

लाकडावर लोखंड टेकलं. धूर निघाला. छाप नेहमीसारखीच सरळ आली.

“अन् उद्याची छाप कोण मारन?” अश्विनने हळूच विचारलं.

प्रेमानंदने पुढचा दांडा सरकवायची खूण केली.