साळूबाईचं भांडण

भात झोडून खळ्यावर रास घातली होती आणि रखमाजी राखणीला बसल्या बसल्या पेंगत होता. उन्हं वर आली तशी दावं तोडून म्हैस आली आणि राशीत तोंड घालून उभी राहिली. पाण्याची कळशी घेऊन आलेल्या साळूबाईनं, त्याच्या बायकोनं, ते बघितलं.

"अवं, पंगतीला बसवलीय का म्हैस? बसा, वारा घाला तिला! चार म्हैनं चिखलात कंबार मोडली म्या, आन तुमी हितं घोरताय?"

"घोरत न्हवतो गं. इचार करत हुतो."

"कसला? म्हशीला लोणचं वाढावं का न्हाई, ह्येचा?"

सून नूतन हसून हसून खाली बसली. तिनं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. शेजारच्या खळ्यावर मीही हसले. चाळीस वर्षं ह्या दोघांचं भांडण ऐकूनच आमच्या वाडीची सकाळ व्हायची.

नूतननं तो व्हिडिओ टाकला आणि आठ दिवसांत कुठल्या कुठं गेला. भोरच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजी, म्हशीला लोणचं वाढलं का?" साळूबाई पदर तोंडाला लावून हसली.

मग रोजचंच झालं. नूतन सांगायची, "आत्या, आज चुलीवरनं भांडा. मामा, तुमी फकस्त 'इचार करत हुतो' म्हणा." दोघं भांडायचे. चुकलं की पुन्हा भांडायचे. वालात गवत माजलं, साळूबाईचा घसा बसला. भांडणाचा असा शीण तिला जन्मात आला नव्हता.

अशात किकवीला रखमाजीची थोरली बहीण फुलाबाई वारली. दहाव्याला पिंड मांडले होते, कावळा शिवत नव्हता. रखमाजी गुडघ्यात मान घालून हुंदके देत होता. मागून कुणीतरी मोबाईल वर धरला.

"बाबा, इचार करताय का?"

चार माणसं फसकन हसली. रखमाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि गप झाला.

घरी आला तरी गपच. साळूबाईनं मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तर तशीच जेवून उठला. पाचव्या दिवशी तिनं खरंखुरं तोंड सोडलं. त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं.

"नूतन कुठं हाय?" त्यानं हळूच विचारलं.



त्याच दुपारी तिनं सुनेला गोठ्यात गाठलं. "पोरी, बास आता."

नूतनचे डोळे भरले. "आत्या, सा वर्सं झाली लग्नाला. शेण काढलं, भांडी घासली, कुणी नाव न्हाई घेतलं माजं. ह्येच्यापायी लोकं वळखाय लागली मला."

"तू वंगाळ न्हाई केलंस. पर माजा माणूस मुका झाला गं."

नूतन बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग तिनं एकेक करून सगळे व्हिडिओ पुसले. लोकांच्या मोबाईलातले मात्र कोण पुसणार?

दुसऱ्या दिवशी साळूबाई आणि रखमाजी डोंगरउतारावर गवत कापत होती. मी शेजारच्याच बांधावर होते. ऊन तापलं होतं, कुसळं अंगाला टोचत होती. इळ्यांचा खसखस आवाज तेवढा येत होता. दुपार कलली तशी रखमाजी भारा बांधता बांधता थांबला.

"फुलाआक्का मला पाठकुळी घिऊन नदी उतरायची," तो म्हणाला. "तिचं लुगडं कमरंपातूर भिजायचं. म्या कोरडा."

साळूबाईच्या जिभेवर काहीतरी खोचक आलं होतं, ते मला दिसलं. तिनं ते गिळलं.

"मंग?" तिनं विचारलं, आणि हातातला इळा खाली ठेवला.