तार बदलेपर्यंत

मला आपणहून बोलता येत नाही. कुणीतरी मला यंत्रात बसवावं, बटण दाबावं, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटणार. बटण वर आलं की वाक्य अर्धं असलं तरी गप्प. मी कॅसेट आहे. आज बटण न दाबता बोलते आहे, तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझी जात अगदी साधी. दुकानात गठ्ठ्याने मिळणाऱ्या कोऱ्या कॅसेटींतली मी एक. मला विकत घेतलं ते एका साउंडवाल्याने. तो एका रॉक बँडबरोबर गावोगाव फिरायचा. मंचावरचे सगळे माइक आणि वाद्यांच्या वायरी ज्या मिक्सरमध्ये येऊन मिळतात, त्या मिक्सरपुढे बसून कुणाचा आवाज किती ठेवायचा ते तो ठरवायचा. मिक्सरच्या मागे आणखी एक वायर खुपसून तो सगळा कार्यक्रम माझ्यावर उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी गाडीत ऐकायचा, स्वतःच्या चुका शोधायचा आणि पुढच्या गावी माझ्यावरच नवा कार्यक्रम भरायचा. आधीचा पुसला जायचा. मला त्याचं काही वाटत नसे. पाटी पुसली म्हणून पाटीला कुठे वाईट वाटतं?

हे सगळं चोरून चालायचं. बँडच्या करारात कार्यक्रम टेप करायला बंदी होती. कुणी हटकलं तर साउंडवाला म्हणायचा, "मी कुठे विकतोय? माझ्या कानांसाठी आहे हे." म्हणून माझ्यावर बँडचं नाव नाही, तारीख नाही. बाकीच्या कॅसेटींत मी ओळखू यावी एवढ्यासाठी ओढलेली पेन्सिलची एक रेघ आहे फक्त.

बँड चौघांचा. गायक, ड्रमवाला, गिटारवाला आणि बास गिटार वाजवणारा लंबू. लंबूची बायको म्हणजे गिटारवाल्याची सख्खी मोठी बहीण. त्यामुळे गिटारवाला मंचावरसुद्धा त्याला भावोजीच म्हणायचा.

माझ्यासारख्या कॅसेटचा एक स्वभाव असतो. मिक्सरमध्ये जेवढं येतं तेवढंच मला ऐकू येतं. ड्रम मुळातच दणदणीत, त्यांना छोट्या सभागृहात माइक लावत नसत. म्हणून माझ्यात ते शेजारच्या घरात वाजल्यासारखे वाटतात. प्रेक्षक तर त्याहून लांब. लंबूच्या बासची वायर मात्र थेट मिक्सरमध्ये यायची. त्यामुळे सभागृहात ज्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नसे, तो माझ्यात सगळ्यांच्या पुढे उभा आहे. त्याची बोटं तारेवरून सरकतात तीही ऐकू येतात.

बँडचा तो पहिलाच परदेश दौरा. तिथली भाषा कुणालाच येत नव्हती. गायकाने नमस्कार, धन्यवाद असे चार शब्द पाठ केले होते आणि तेच तो फिरवून फिरवून वापरायचा. लोकांना गाण्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी ते नाचायचे.

एका गावी कार्यक्रम ऐन रंगात आला असताना गिटारवाल्याची तार तुटली. जादा आणलेली गिटार प्रवासात मोडली होती, म्हणजे तार बदलण्यावाचून इलाज नव्हता. गायक घसा ओला करायला आत गेलेला. मंच असा रिकामा पडला, तसा बाजूला उभा असलेला मॅनेजर लंबूला खुणा करू लागला, काहीतरी बोल, वेळ काढ. लंबू आजवर मंचावर कधी एक अक्षर बोलला नव्हता. तो माइकपाशी आला, खाकरला.

"मला काय बोलावं ते कळत नाही," तो आपल्या भाषेत म्हणाला. "तुम्हालाही कळणार नाहीये, तेव्हा फिटंफाट."

लोक हसले. त्याच्या सुरावरूनच हसले असतील.

"हा तार बदलतोय ना, हा माझा मेहुणा. मी याच्या बहिणीशी लग्न ठरवलं तेव्हा हा शाळेत होता. या माणसाला घरात घेऊ नका म्हणून पलंगाखाली जाऊन बसला होता. मी निम्मा आत शिरून त्याला बाहेर काढला. माझे पाय बाहेर दारापर्यंत."

"भावोजी, पुरे," मागून गिटारवाल्याचा आवाज आला.

"घरी स्वयंपाकघरातला नळ गळतोय. निघताना मी त्याला फडकं बांधून आलो. ती म्हणाली, नळ राहू दे, स्वतःला बांधून घे घरात." पुन्हा हशा. "तिला दिवस गेलेत. मी तिला सांगून आलोय, हा शेवटचा दौरा. आता घर, नोकरी, बाळ."

इथे तो थांबला. त्याचा श्वास माझ्यात स्वच्छ उतरला आहे.

"खोटं बोललो मी. मला नाही जमणार. घरी जाईन, बाळाला बघेन आणि पुन्हा निघेन. तिच्या तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळणार? लंबूने गायकाकडून ऐकलेला धन्यवादाचा शब्द वेडावाकडा उच्चारला, गिटारवाला हळूच म्हणाला, "झाली तार," आणि पुढचं गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी बँड पुढच्या गावाला निघाला. चौघांची गाडी लहान होती. लंबूचे पाय तिच्यात मावत नसत, म्हणून तो नेहमीप्रमाणे सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला. ओल्या वळणावर ट्रक घसरला आणि रस्त्याखाली गेला. ड्रायव्हर वाचला. लंबू गेला.

मी तेव्हा मागच्या गाडीत, साउंडवाल्याच्या शर्टाच्या खिशात होते. त्याची छाती कशी हलत होती ते मला कळत होतं. पण मला कुणी लावत नाही तोवर मी निव्वळ प्लास्टिक. त्यानंतर त्याने माझ्यावर काही भरलं नाही. भरायला कार्यक्रमच उरले नव्हते.

दौरा अर्धवट टाकून सगळे परतले. साउंडवाला मला घेऊन लंबूच्या घरी गेला. तिथे माणसांची ये-जा चालू होती. संधी साधून त्याने मला लंबूच्या बायकोच्या हातात दिलं. "वहिनी, हा शेवटचा कार्यक्रम. मध्ये तो बोललाय. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा." तिने मला कपाटात, घड्या घातलेल्या चादरींखाली ठेवलं.

बाळ झालं, मुलगी. एका दुपारी ती झोपलेली असताना आईने मला बाहेर काढलं. मुलगी उठू नये म्हणून कानांना हेडफोन लावले. गाणी झाली, तार तुटली, लंबू बोलायला लागला. ती पलंगाखालच्या गोष्टीला हसली. नळाच्या गोष्टीला हसता हसता तिने पदर तोंडाशी धरला. मला पुढचं ठाऊक होतं. थांबता आलं असतं तर मी तिथेच थांबले असते. पण माझी चाकं माझ्या हातात नसतात. ते वाक्य तिच्या कानात गेलं.

तिने बटण दाबून मला थांबवलं. मग म्हणाली, "माहीत होतं रे मला." आणि तिने मला मागे फिरवलं.

तेव्हापासून रोज दुपारी मी. गाणी ती क्वचितच ऐके. तार तुटते तिथपासून तार बदलते तिथपर्यंत, एवढंच. मागे घ्यायची, लावायची, पुन्हा मागे. माझ्या अंगावर जी तपकिरी भुकटी असते, तिच्यातच आवाज असतो आणि प्रत्येक फेरीला ती जराशी झडते. जो तुकडा सर्वांत जास्त लाडका, तोच सर्वांत आधी विरणार. बाई, जरा जपून, असं किती वेळा म्हणावंसं वाटलं. पण तिने बटण दाबलं की माझ्या तोंडून त्याचे शब्द बाहेर पडत, माझे नाही.

एकदा गिटारवाला आला. "ताई, ती कॅसेट दे ना. मला एक कॉपी करून घ्यायचीय. संध्याकाळी परत आणतो."

त्याने मला एका कॅसेटवाल्याच्या दुकानात नेलं. शब्द पाळला, संध्याकाळी परतही आणलं. पण कॅसेटवाल्याने स्वतःसाठी एक कॉपी मागे ठेवली होती, आणि त्या एकीच्या पुढे किती झाल्या याला गणती नाही. चोरटा माल म्हणून लोकांनी उड्या टाकून घेतला. ज्यांनी बँड कधी पाहिला नाही ते लोक म्हणू लागले, बास वाजवणारा कोण हा, काय हात आहे याचा.

लंबूच्या बायकोला याचा पत्ता नव्हता. एका सकाळी ती कणीक मळत होती आणि शेजाऱ्यांकडून भिंतीपलीकडून तीच गाणी ऐकू आली. तिचे हात थांबले. तार तुटण्याचा टण्ण आवाज झाला. आता तो खाकरणार म्हणून ती भिंतीला कान लावून उभी राहिली.

तो खाकरलाच नाही. एकदम पुढचं गाणं सुरू झालं.

गिटारवाला आला तेव्हा तिने त्याला बसूही दिलं नाही. "गाणी गेली तर जाऊ देत. गाणी तुमचीच आहेत. पण मधून त्याला कापलं कुणी?"

गिटारवाल्याने मान खाली घातली. "मीच सांगितलं दुकानात. ते कुणी ऐकायचं नव्हतं, ताई. मला वाटलं, तूही अजून ऐकलं नसशील."

"मी रोज ऐकते," ती म्हणाली.

ती त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

सगळ्या जगात तो बोललेला आता फक्त माझ्यात उरला होता. तिने मला कमी लावायचं ठरवलं, पण ते काही पार पडलं नाही. अशातच एका दुपारी यंत्राने माझी फीत ओढून घेतली. लंबू बोलतो तो भाग चाकांत गुंडाळला गेला, चुरगळला. तिने तो हलक्या हाताने सोडवला, पेन्सिल घालून माझं चाक फिरवत मला पुन्हा आत घेतलं. पण मग लावलं तेव्हा पाण्याखालून कुणी बोलावं तसा एक पुटपुटता आवाज तेवढा आला. माणूस बोलतोय एवढं कळतं. काय बोलतोय ते नाही. तिने मला काढून चादरींखाली ठेवून दिलं. मी किती वर्षं तिथे होते ते मला सांगता येणार नाही.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. बापाबद्दल तिच्या मनात अढी होती, ती मला कपाटातूनही ऐकू यायची. "मी पोटात असताना निघून गेलेला माणूस," असं ती म्हणायची, आणि आई विषय बदलायची. तरी एके दिवशी तीच कॅसेटीतला आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचं यंत्र घेऊन आली. मामालाही बोलावलं होतं. गिटारवाल्याचे केस पांढरे झाले होते.

गाणी एकामागून एक उतरली. तार तुटली. पुटपुट सुरू झाली.

"हे बाबा ना? काय म्हणतायत?"

आई खुर्ची ओढून यंत्राजवळ बसली. "लाव पुन्हा. मी सांगते."

मुलीने मला मागे घेतलं आणि आईपुढे माइक धरला. मी पुटपुटत राहिले आणि माझ्या पुटपुटण्याबरोबर आई बोलत गेली. शब्दाला शब्द, जिथे तो थांबला तिथे थांबून. पलंग झाला, नळ झाला. मुलगी खळखळून हसली. "हा शेवटचा दौरा. आता घर, नोकरी, बाळ." मग त्याचा तो श्वास आला.

आई म्हणाली, "आणि या वेळी मी खोटं बोललेलो नाही. मला घरी जायचंय. मला माझं बाळ बघायचंय."

मुलीचा माइक धरलेला हात खाली आला. तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

आईने गिटारवाल्याकडे पाहिलं. त्या खोलीत खरं वाक्य ठाऊक असलेले आम्ही तिघं होतो. मला तोंड नव्हतं. त्याला होतं. तो उठून खिडकीशी गेला आणि तिथूनच म्हणाला, "हो, असंच म्हणाले होते भावोजी."

आता कॉम्प्युटरमध्ये त्या जागी वर आईचा आवाज आहे आणि खाली माझी कुजबूज. मला पुन्हा लावायची गरज नाही, असं ठरलंय. मुलीने मला कापसात गुंडाळून एका डबीत ठेवलंय, आणि डबी तिच्या उशाशी असते. ती सुखात दिसते. खरं की खोटं, बरं की वाईट, हे ठरवणं माझ्यासारखीचं काम नाही. माझं काम जसं ऐकलं तसं सांगायचं, आणि तेच आता माझ्याच्याने होत नाही.

तुमच्यापाशी बोलून गेले, तेवढं तुमच्यापाशीच राहू द्या. कधी त्या मुलीची गाठ पडलीच, तर तिच्या वडिलांच्या हाताविषयी बोला, बासविषयी बोला. ती खूप खूश होईल. बाकीचं तिच्या आईवर सोडा.